डॉल्फिन वटवाघळांच्या फांदीवर कसा गेला: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची कॉमेंट दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं, की मी एकीकडे लिहितो 'नॅचरल सिलेक्शनमुळे डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष चुकतो' आणि दुसरीकडे चिंपांझी आपला सगळ्यात जवळचा नातेवाईक हे डीएनएवरूनच सांगतो, म्हणजे सोयीचं तेवढं घेतो. (सिलेक्शन म्हणजे फायद्याचे बदल टिकणं आणि घातक गळून जाणं; वंशवृक्ष म्हणजे कोण कुणाचा किती जवळचा ते दाखवणारं झाड.) 'चुकतो' हे सरसकट लिहिलं ती माझी घाई, कुठल्या जीनवरून झाड काढलंय त्यावर ते ठरतं. पण तुमचं 'डेटा वाढवला की सिलेक्शनचा परिणाम आपोआप पुसला जातो' हे काही मला पटलं नाही.

प्रेस्टिन घ्या. कानाच्या आतल्या पेशींमधलं प्रोटीन, बारीक आवाज पकडायला लागतं. 2010 मध्ये असं दिसलं की या प्रोटीनवरून झाड काढलं तर डॉल्फिन सरळ जाऊन वटवाघळांच्या फांदीवर बसतो, आता डॉल्फिनचे खरे भाऊबंद म्हणजे पाणघोडा आणि गाय! झालं काय, तर दोघंही प्रतिध्वनीवरून शिकार शोधतात, त्यासाठी फार उंच फ्रिक्वेन्सी ऐकू यावी लागते, आणि त्याला लागणारे बदल दोघांत आपापले, पण प्रोटीनमधल्या बऱ्याचशा त्याच जागांवर झाले. प्रेस्टिनच्याच जीनमधले, प्रोटीन न बदलणारे डीएनएचे बदल तेवढे मोजले की ही जोडी मोडते.

साधी रँडम चूक असती तर ती डेटा वाढवल्यावर जिरली असती, कारण ती कधी इकडे कधी तिकडे जाते. सिलेक्शनची चूक एकाच दिशेला ओढते. साप आणि अगॅमिड (सरड्यांचं एक कुळ) सरड्यांचं तेच झालं, माइटोकाँड्रियाचे (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचे) जीन एकत्र घेऊनही झाडाने त्यांना एकमेकांजवळ बसवलं आणि तेही भक्कम सपोर्टने (म्हणजे आकडेवारीच्या खात्रीने), न्यूक्लिअर म्हणजे पेशीकेंद्रातले जीन मात्र वेगळंच सांगत होते. 2009 च्या अभ्यासात याचं कारण सिलेक्शनमुळे आलेलं सारखेपण असं निघालं. म्हणजे त्याच प्रकारचा डेटा आणखी ओतून चुकीच्या उत्तरावरचा विश्वासच वाढतो, आणि मला भीती वाटते ती याचीच.

आता चिंपांझी. तिथे गोष्ट उलटी आहे आणि लेखात मी ती लिहायलाच हवी होती. गोरिलाचा जीनोम (सगळा डीएनए) 2012 मध्ये आला तेव्हा दिसलं की साधारण 30 टक्के भागात माणूस आणि चिंपांझी एकमेकांना जवळचे नाहीतच, दोघांपैकी कुणीतरी एक गोरिलाला जास्त जवळचा आहे. हे मुख्यतः सिलेक्शनचं काम नव्हे, पूर्वजांच्या लोकसंख्येत आधीपासून असलेले जीनचे वेगवेगळे नमुने पुढे कसेही वाटले गेले, त्याचं. आणि हा गोंधळ जीनच्या आसपास कमी दिसतो! कारण तिथे सिलेक्शन घातक म्युटेशन (डीएनएतले बदल) काढून टाकताना शेजारचं वैविध्यही साफ करतं, वाटायला जुने नमुनेच कमी उरतात. म्हणजे इथे सिलेक्शनमुळे झाड उलट सरळ होतंय. शिवाय चिंपांझीचं नातं एखाद्या प्रेस्टिनवर उभं नाही, अख्ख्या जीनोमचा कौल आहे तो.

झाडाचा आकार बरोबर येऊन वय, म्हणजे फाटे कधी फुटले ते, चुकणं हा आणखी वेगळा प्रकार, थोडी वाईट म्युटेशन्स लगेच मरत नाहीत त्यामुळे अलीकडचा बदलांचा वेग जास्त दिसतो, आणि तोच वेग मागे लावला की जुने फाटे उगाच तरुण ठरतात. यावर कधीतरी वेगळं लिहीन.

शेवटी तुम्ही म्हणता, 'मग न्यूट्रल भागच वापरा की, विषय संपला.' न्यूट्रल म्हणजे ज्यावर सिलेक्शन चालत नाही असे डीएनएचे भाग. जवळच्या नात्यांसाठी चालेल. पण कोट्यवधी वर्षं मागे गेलात की त्याच जागी पुन्हा पुन्हा बदल होतात, डीएनएच्या अक्षरांत ए चा जी, जी चा परत ए, आणि खुणा पुसल्या जातात. 1977 मध्ये आर्किया हा एकपेशी जीवांचा गट बॅक्टेरियांपासून वेगळा ओळखला गेला तो राइबोसोमच्या (पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएवरून, आणि ते इतक्या मागचं वाचता आलं कारण सिलेक्शनने त्या रेणूला फारसं हलूच दिलं नाही.

लेखातलं ते 'चुकतो' आज बदललंय.