सावडायच्या दिवशी बोलणार कोण, हे पण ठरवा की

आपल्याकडं माणूस गेलं की बाकीचं सगळं कसं तासाभरात ठरतं. शेणी कुणाच्या ट्रॉलीतनं आणायच्या, लांबच्या लेकी येईपर्यंत थांबायचं का, सावडायचं किती वाजता, दहावा कुठं, बाराव्याचा आचारी कोण, पाहुण्यांना फोन कुणी करायचे. भावकी उभी राहते, शेजारच्या घरातनं पिठलं-भाकरी येते, घरच्यांना कशाकडं बघावं लागत नाही. सातारा-सांगलीकडच्या गावांची ही गोष्ट मला लय मोठी वाटते. पण गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलणार कोण, हे मात्र कुणीच ठरवत नाही, आणि मग जो पांढरे कपडे घालून पुढं उभा असतो तो बोलतो.

गेल्या वर्षी माझी मोठी आई गेली. म्हणजे थोरली चुलती, पण आम्ही सगळी भावंडं तिला मोठी आईच म्हणायचो. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. सावडायला माणूस मावत नव्हतं एवढी गर्दी. पाणी सोडून झालं, नैवेद्य ठेवला, कावळा पण शिवला, आता लोकांनी घरी जायचं तर कुणीतरी म्हणालं थांबा, साहेब निघालेत, पाचच मिनिटं. मग ऊन चढेपर्यंत सगळे तिथंच. साहेब आले, मग सोसायटीच्या वतीनं श्रद्धांजली, कारखान्याच्या वतीनं, पक्षाच्या वतीनं, तरुण मंडळाच्या वतीनं. एकजण बोलायला उठायच्या आधी शेजारच्याच्या कानाला लागून विचारत होता, "म्हातारीचं नाव काय ओ?" मी अगदी मागंच उभी होते. आणि मग भाषण काय, तर अमक्यांच्या मातोश्री, अत्यंत मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या, कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळलाय. हेच शब्द पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात दुसऱ्या कुणासाठी. तिचं नाव बहुतेकांनी घेतलंच नाही, पोरांची आणि त्यांच्या पदांची नावं मात्र प्रत्येकानं घेतली.

आणि तिला खरंच ओळखणाऱ्या सगळ्याजणी शेडच्या पलीकडं डोक्यावर पदर घेऊन खाली बसलेल्या. त्यांना कुणी विचारलंच नाही. नैवेद्यात मिसरीची डबी ठेवायची हे सुद्धा गल्लीतल्या एका काकींनाच सुचलं, घरातली आम्ही सगळी भजी आणि चहाच्याच नादात.

नंतर दुखवट्याला बायका येऊन बसायच्या तेव्हा खरी मोठी आई कळायला लागली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती जायची, तिथं एक पोटुशी बाई होती, तिच्या वाटणीची खडी ही आपल्या ढिगात फोडून तिच्या नावावर मोजायला लावायची, आणि हे त्याच बाईनं, आता नव्वदीला टेकलेल्या, आमच्या सोप्यात बसून सांगितलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिच्या पोरांना पण नाही. आणखी एकीनं सांगितलं की वाघ्या घेवड्याचं बियाणं ती राखेत घोळवून पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि पेरणीच्या टायमाला ज्या घरात बी नसंल तिथं पोरीच्या हातनं पाठवायची, वर सांगायची की परत आणून देऊ नको, पुढच्या साली तू कुणाला तरी दे. आमच्या भागातल्या या घेवड्याला आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्याचं कौतुक होतं ते बरोबरच आहे, पण ते बी घराघरात कुणी जपलं हे सांगणाऱ्या बाईच्या हातात माईक कधी गेला?

म्हणून बाराव्याला दादानं, म्हणजे तिच्या थोरल्यानं, सरळ सांगून टाकलं की भाषणं नाहीत, ज्यांनी तिच्याबरोबर काम केलंय त्या बायका बोलतील. भावकीतले एक नाना म्हणाले बायका काय बोलणार, रडत बसतील. रडल्या की. आणि रडत रडत बोलल्या. खडीवाल्या आज्जींना उभं राहता येईना तर माईक खाली नेऊन दिला, आणि मंडपात कुणी हललं नाही, नाना पण नाही.

हे काही जगावेगळं केलं असं मला अजिबात वाटत नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव फुले गेले, अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढं धरायचं मडकं, कुणी धरायचं यावरनं भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हातात घेतलं, पुढं चालल्या आणि अग्नी पण त्यांनीच दिला. त्या नायगावच्या, खंडाळा तालुक्यातल्या. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. दरवर्षी ३ जानेवारीला नायगावला गाड्या भरून जातो आपण, आणि गावात परत आलं की बाईनं स्मशानात तोंड उघडायचं नाही?

आणि बदलायचं म्हटलं तर बदलतं. सांगलीपासनं जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण हा कित्ता गिरवायला सांगितलं. शेकडो वर्षांची रीत एक गाव हात वर करून बंद करू शकतं, तर श्रद्धांजलीची भाषणं बंद करायला असं काय लागतंय.

नेत्यांनी येऊच नये असं मी म्हणत नाही. यावं, घरच्यांना आधार वाटतो, दादाला पण वाटला. हात जोडावेत, खांद्यावर हात ठेवावा, घरच्यांजवळ दोन मिनिटं बसावं. पण माईक नको. ज्या घरात दुःख आहे त्या घराला "आता बास करा" म्हणता येत नाही, म्हणून हे गावानंच आधी ठरवून ठेवलं पाहिजे. आणि फ्लेक्स लावायचाच असेल तर गेलेल्या बाईचं नाव मोठ्या अक्षरात येऊ द्या, खाली शोकाकुल म्हणून पंधरा जणांचे फोटो कशाला?

मोठ्या आईचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. जेवण साधंच, घेवड्याची आमटी आणि भात. गावातल्या, माहेरच्या, बचतगटातल्या ज्या कुणाला तिच्याबद्दल काही सांगायचं असेल त्यांनी या. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा, कितीही लांब असलं तरी चालेल. आणि घरात म्हाताऱ्या आज्ज्या असतील, ज्यांना मोबाईल वापरता येत नाही, त्यांच्याजवळ बसून नातवंडांनी तेवढं करून द्या.