कार-टी निरोगी पेशीही मारते, फक्त कोणत्या ते आधी ठरवलेलं असतं

गेले काही महिने या आशयाचा मजकूर कुटुंबांच्या ग्रुपवर फिरतो आहे: 'मुंबईत शोधलेलं कॅन्सरचं इंजेक्शन. आपल्याच पेशी असल्यानं साइड इफेक्ट नाही. फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, निरोगी पेशींना हात लावत नाही. कुठल्याही कॅन्सरवर चालतं. एकदा टोचलं की झालं.'

हा मजकूर कार-टी उपचाराबद्दल आहे: रुग्णाच्या टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, कॅन्सर ओळखतील अशा बदलून परत शरीरात सोडतात. त्यातला मुंबईचा भाग खरा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मंजुरी मिळाली. अभिमान वाटावा असंच हे काम आहे. बाकीचं मात्र रुग्णाला अडचणीत आणणारं आहे.

'फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं' हे आधी बघू. रुग्णाच्या टी पेशींवर जो कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन) बसवतात, तो सीडी१९ नावाचं प्रथिन ओळखतो. हे प्रथिन ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशीवर असतं, तसंच प्रत्येक निरोगी बी पेशीवरही (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीवरही) असतं. टी पेशीला दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून ती दोन्ही मारते. तरी रुग्ण जगतो, कारण बी पेशींशिवाय माणूस जगू शकतो. त्यांच्याकडून मिळणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सलाइनमधून बाहेरून देता येतात, आणि ज्या मूळ पेशींपासून नव्या बी पेशी बनतात त्यांच्यावर सीडी१९ नसतं. रक्तातलं आयजीजी हे मुख्य प्रतिपिंड ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं आणि वारंवार संसर्ग होऊ लागले, तर साधारण दर चार आठवड्यांनी किलोमागे ४०० मिलिग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे हीच तयार प्रतिपिंडं, देतात. ५० किलोच्या माणसाला एका वेळी २० ग्रॅम. हा खर्च 'एकदा टोचलं की झालं'मध्ये कुणी धरत नाही.

'कुठल्याही कॅन्सरवर' का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. फुफ्फुस, आतडं, यकृत यांच्या गाठींवर जी प्रथिनं दिसतात, ती थोड्या प्रमाणात का होईना, त्याच किंवा इतर अवयवांच्या निरोगी पेशींवरही असतात, आणि फुफ्फुस बाहेरून भरून देता येत नाही. अमेरिकेतली २०१०मध्ये प्रसिद्ध झालेली एक नोंद या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असते. आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णाला एचईआर२ हे गाठीवरचं प्रथिन ओळखणाऱ्या सुमारे १००० कोटी टी पेशी दिल्या. १५ मिनिटांत श्वास कोंडला, पाच दिवसांनी मृत्यू. फुफ्फुसाच्या अस्तरावरचं थोडंसं एचईआर२ त्या पेशींना पुरलं, असा निष्कर्ष निघाला. म्हणूनच आता दोन खुणा एकत्र दिसल्या तरच मारणाऱ्या, किंवा निरोगी पेशीची खूण दिसताच थांबणाऱ्या टी पेशींवर काम चालू आहे.

'आपल्याच पेशी, म्हणून साइड इफेक्ट नाही' हे सर्वांत घातक वाक्य. त्या पेशी एकदम वाढल्या की शरीरभर दाहाची रसायनं सुटतात. आधी ताप, मग रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन घटतो. त्यावर टोसिलिझुमॅब हे दाह रोखणारं औषध किलोमागे ८ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ८०० मिलिग्रॅम, शिरेतून देतात. म्हणून पेशी चढवण्याआधीच ते औषध वॉर्डात तयार ठेवावं लागतं. मेंदूवर परिणाम होतोय का हे पाहायला रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला लावतात आणि शंभरपासून दहा-दहा कमी करत मोजायला सांगतात. कालपर्यंत सरळ असलेल्या ओळीतली अक्षरं आज एकमेकांवर चढली, तर रुग्ण नीट बोलत असला तरी डॉक्टरांना लगेच बोलवायचं.

नेक्सकार१९च्या २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५१पैकी ३७ रुग्णांना प्रतिसाद मिळाला. इतर उपचार थकल्यावरचा हा आकडा मोठा आहे. त्याच चाचणीत उपचारामुळे दोन मृत्यूही झाले. शिवाय प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे: काही रुग्णांत कॅन्सरच्या पेशी सीडी१९ टाकून देतात आणि आजार उलटतो, तेव्हा त्याच टी पेशींना तो दिसतच नाही.

राहिलं ते 'एकदा टोचलं'. टोचण्याआधी मशीनवर काही तास बसून टी पेशी काढणं, प्रयोगशाळेत विषाणूवाहकानं (जनुक पेशीत पोचवणाऱ्या, बदललेल्या विषाणूनं) त्यांच्यात त्या ग्राहकाचं जनुक घालून त्या वाढवणं, मग फ्लुडाराबीन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमो, हे सगळं असतं. पूर्वीच्या उपचारांतल्या केमोनं टी पेशी दमलेल्या असतील तर त्या वाढतच नाहीत. पेशी काढायच्या आधी स्टेरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांना न चुकता सांगा. आणि घरी सोडल्यावर ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता असला तरी त्याच रुग्णालयात फोन करा.