केबल, फिल्टर आणि "थोतांड": एका कमेंटला जरा लांबलचक उत्तर

नमस्कार. हेडफोनच्या केबल आणि हार्डवेअर फिल्टरवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली, आणि खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं वाटेना म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं की हेडफोनची केबल बदलून आवाज सुधारतो हे शुद्ध थोतांड आहे, तार ती तार. दुसरं, इक्वलायझरचं फुकट ॲप असताना रेझिस्टर-कपॅसिटर सोल्डर करत बसणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. तिसरं, कंपनीच्या इंजिनिअरांना जे कळलं नाही ते मला कळलं का? आणि शेवटी विचारलंय की मग माझ्या टोचणाऱ्या ट्रेबलच्या (वरच्या, तीक्ष्ण स्वरांच्या) हेडफोनचं करू काय.

पहिल्या मुद्द्यात तुम्ही बरेचसे बरोबर आहात, आणि ते मूळ लेखातही होतं. चांदीची तार, ऑक्सिजन-फ्री तांबं, आठ पदरी वेणी, केबल शंभर तास "बर्न-इन" करा वगैरे, यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. चांदीचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा फार तर पाच-सहा टक्क्यांनी कमी, म्हणजे तांब्याची तार तेवढीच किंचित जाड घेतली की चांदीचं काम संपलं. चांदी चमकते म्हणून तिच्यातून ट्रेबल चमकतो आणि तांबं लालसर म्हणून आवाज उबदार होतो, असं लिहिणारे लोक डोळ्यांनी ऐकतात असं माझं स्पष्ट मत आहे. कपॅसिटन्सचंही (तारेची विद्युतभार साठवायची क्षमता) तेच. गिटारच्या केबलमध्ये किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या मॅग्नेट कार्ट्रिजला तो खरंच नडतो कारण तिथे सोर्सचा (जिथून सिग्नल येतो त्याचा) इम्पिडन्स (सिग्नलला होणारा एकूण विरोध) हजारो ओहममध्ये असतो, पण हेडफोनच्या केबलमध्ये २०० पिकोफॅरड धरा आणि सोर्स अगदी १०० ओहमचा धरा, तरी कटऑफ (जिथून वरच्या फ्रिक्वेन्सी घटायला लागतात ती जागा) येतो ८ मेगाहर्ट्झच्या आसपास, तो वटवाघळालासुद्धा ऐकू जायचा नाही.

पण "तार ती तार" म्हणून तुम्ही जिथे थांबता तिथून पुढेच खरी गंमत आहे. तार कुठल्या धातूची याला अर्थ नाही, पण सोर्सपासून ड्रायव्हरपर्यंतच्या (हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागापर्यंतच्या) वाटेत एकूण किती ओहम बसलेत याला आहे, आणि तो अर्थ प्रत्येक हेडफोनला सारखा नाही. ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनला तुम्ही पाऊण ओहमची फालतू केबल लावा, फरक पडतो ०.०२ डेसिबल, विषय संपला. आता एखादं मल्टी-ड्रायव्हर आयईएम (कानाच्या आत बसणारा इअरफोन) घ्या, बॅलन्स्ड आर्मेचर नावाच्या चिमुकल्या ड्रायव्हरवालं, त्याचा इम्पिडन्स एखाद्या फ्रिक्वेन्सीला ८ ओहम असतो आणि दुसरीकडे कुठेतरी ४० वर जातो, कारण आत क्रॉसओव्हर (फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटणारं सर्किट) आहे आणि कॉइलचा स्वतःचा इंडक्टन्सही आहे. केबल आणि ड्रायव्हर मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतो, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. बारीक तारेची ०.८ ओहमची केबल लावली तर ८ ओहमच्या जागी ०.८ डेसिबल गळतात आणि ४० च्या जागी ०.२ सुद्धा नाही. केबल ०.२ ओहमची घेतली तर हाच उतार ०.२ डेसिबलच्या आत येतो. म्हणजे दोन केबलमध्ये टोनचा फरक साधारण अर्धा डेसिबल. हे ऐकू येईलच असं नाही, पण काठावरचं आहे, आणि मुख्य म्हणजे ते मल्टीमीटरने मोजता येतं. (मोजताना आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करा, नाहीतर तो आकडा केबलच्या नावावर चढतो.)

आता त्याच आयईएमला १० ओहम आउटपुट इम्पिडन्सचा सोर्स लावा. ८ च्या जागी ७ डेसिबल गेले, ४० च्या जागी २, म्हणजे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समध्ये सरळ ५ डेसिबलचा फरक, हा झोपेतल्या माणसालाही कळेल. आणि हे नेहमी वाईटच असतं असं नाही! मी ज्याला हार्डवेअर फिल्टर म्हणतो त्याचं सगळ्यात साधं रूप हेच, केबलमध्ये मुद्दाम टाकलेला एक रेझिस्टर.

इथेच तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे, कारण ही आयडिया माझी नाहीच. एटिमोटिक कंपनीचे इअरफोन ईआर-४पी आणि ईआर-४एस बघा. पी २७ ओहमचा, एस १०० ओहमचा. पी ला एस करायचं असेल तर कंपनीचाच एक अडॅप्टर मिळायचा आणि त्यात काय, तर प्रत्येक चॅनलला ७५ ओहम. त्या ड्रायव्हरचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीबरोबर चढतो म्हणून ७५ ओहम खालच्या बाजूला जास्त खातात आणि वर कमी, एकूण आवाज पडतो पण त्यामानाने ट्रेबल वर येतो. दोन रेझिस्टर, दोन वेगळी ट्युनिंग. तेव्हा इंजिनिअरांना कळलं नाही असं मी कुठे म्हणतोय, उलट त्यांनीच करून ठेवलंय. एकेजीच्या के३००३ इअरफोनमध्ये २०११ पासून नळीच्या टोकाला फिरवून बसवायचे तीन फिल्टर यायचे, बाससाठी वेगळा, ट्रेबलसाठी वेगळा. सेनहायझरच्या एचडी ८०० हेडफोनमध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक टोक होतं (म्हणजे तिथे आवाज एकदम वाढायचा), लोक घरी त्यात फोम आणि फेल्ट चिकटवत बसले, आणि नंतर २०१६ च्या एचडी ८०० एस मध्ये कंपनीने स्वतःच ती फ्रिक्वेन्सी गिळणारा रेझोनेटर बसवला. कंपनी एका सरासरी कानासाठी आणि सरासरी सोर्ससाठी ट्यून करते, तुमचा कान आणि तुमचा सोर्स तिला माहीत असायचं कारण नाही.

ध्वनीच्या वाटेतले फिल्टर हा तर मला वायरपेक्षा जास्त आवडणारा भाग आहे. आयईएमच्या नळीत जो बारीकसा धातूचा डबीसारखा तुकडा असतो, आत जाळी, तो डॅम्पर. नोल्स कंपनीचे डॅम्पर रंगावरून ओळखतात: पांढरा ६८०, तपकिरी १०००, हिरवा १५००, लाल २२००, नारिंगी ३३००, पिवळा ४७०० ध्वनी-ओहम. आकडा वाढला की नळीतल्या रेझोनन्सचं टोक जास्त दाबलं जातं. हिरव्याच्या जागी लाल टाकून बघा, अप्पर मिड्सचा (मधल्या स्वरांच्या वरच्या भागाचा) तो कर्कशपणा खाली बसतो, आणि एक अणुरेणूही सोल्डर लागत नाही. हे डॅम्पर मळाने बंद होतात हेही सांगून ठेवतो. एक बाजू हळूहळू दबकी व्हायला लागली की लोक केबलला शिव्या घालतात, नवी केबल मागवतात, आणि दोष असतो त्या जाळीत. जुना तुकडा काढायला स्क्रूसारखं टोक असलेलं हत्यार मिळतं, ते आत फिरवायचं आणि सरळ ओढायचं. तिरपं ओढलंत की नळीची कड चिरते.

बरं, इक्वलायझर. तुम्ही म्हणता तसं ते फुकट आहे, अचूक आहे, एका टॅपवर बंद होतं, आणि निव्वळ फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स सुधारायचा असेल तर मीही आधी तेच वापरतो. पण टीव्ही, डिजिटल पियानो, मिक्सरचा हेडफोन जॅक, यात ॲप कुठे टाकणार? आणि काही गोष्टी ईक्यूच्या (इक्वलायझरच्या) हातातच नाहीत. सेन्सिटिव्ह आयईएममध्ये ॲम्प्लिफायरची (ॲम्पची) जी हिस्स, म्हणजे सततची सूं-सूं, ऐकू येते ती ॲम्पच्या आउटपुटला जन्मते, ॲपमध्ये तुम्ही लेव्हल खाली आणली की गाणं खाली जातं, हिस्स तिथल्या तिथे. तिथे दोन रेझिस्टरचा पॅड, म्हणजे सिग्नलची पातळी खाली आणणारं छोटं सर्किट, लागतो. १० ओहम सिरीजमध्ये आणि त्यानंतर २.२ ओहम ग्राउंडला, १६ ओहमच्या आयईएमवर हिस्स आणि गाणं दोन्ही मिळून साधारण १६ डेसिबल खाली जातात, आणि आयईएमला दिसणारा इम्पिडन्स २ ओहमच्या आतच राहतो त्यामुळे टोन जवळपास बिघडत नाही. नुसता एकच मोठा रेझिस्टर टाकला असता तर हिस्स गेली असती पण वर सांगितलेला ५ डेसिबलवाला प्रकार झाला असता.

केबल घासल्याचा कानात येणारा धबधब आवाज, तोही ईक्यूने जात नाही. शर्टाच्या बटणाला केबल लागली की ठक् ठक्. तो मऊ आवरणाच्या केबलने जातो किंवा तार कानावरून मागे घेतल्याने. केबल बदलता यावी याचं माझ्यासाठी पहिलं कारण हेच, आणि दुसरं म्हणजे तार तुटते. नेहमी जॅकच्या मानेशी किंवा कानापाशी तुटते, आणि फिक्स केबल असली की पंधरा मिलीमीटरच्या तुटक्या तांब्यापायी अख्खा चांगला हेडफोन कपाटात पडतो. याला तुम्ही "आवाज सुधारणं" म्हणणार नाही, पण एका कानाने बंद झालेल्या हेडफोनच्या आवाजाबद्दल बोलायचं तरी काय.

एक इशारा देतो, कारण याची गडबड फार होते. ०.७८ मिलीमीटरच्या टू-पिन केबलमध्ये एका बाजूची पिन उलटी बसली तर ती बाजू उलट फेजमध्ये वाजते. बास गायब, गायक मधोमध उभा राहायच्या ऐवजी डोक्याभर पसरलेला, आणि माणूस लिहितो की नव्या केबलने साउंडस्टेज (आवाजाचा आजूबाजूचा पसारा) काय जबरदस्त उघडलाय! मोनो रेकॉर्डिंग लावून बघा, आवाज कपाळाच्या मध्ये एका ठिपक्यात आला पाहिजे. नाही आला तर एक बाजू उपटून उलटी बसवा.

आता कॉइल-कपॅसिटरवाला जो फिल्टर लेखात दिला होता आणि ज्याला तुम्ही "शाळेचा प्रोजेक्ट" म्हणालात, त्याबद्दल. ३२ ओहमच्या प्लॅनर (सपाट पडद्याच्या ड्रायव्हरच्या) हेडफोनला ८ किलोहर्ट्झवर साडेचार डेसिबलचा खड्डा पाडायचाय असं धरा. कॉइल, कपॅसिटर आणि २२ ओहमचा रेझिस्टर हे तिन्ही एकमेकांना पॅरलल, आणि तो गठ्ठा हेडफोनच्या सिरीजमध्ये, प्रत्येक चॅनलला एक. बास कॉइलमधून निघून जातो, वरचा ट्रेबल कपॅसिटरमधून, आणि फक्त ८ किलोहर्ट्झच्या आसपासच्या सिग्नलला २२ ओहमची भिंत लागते. कॉइल ०.१ मिलीहेन्री आणि कपॅसिटर ३.९ मायक्रोफॅरड घेतला की फ्रिक्वेन्सी बरोबर ८ च्या जवळ येते. १ मिलीहेन्री आणि ०.३९ मायक्रोफॅरड घेतला तरी फ्रिक्वेन्सी तीच येते, कपॅसिटर लहान मिळतो म्हणून मोह होतो, पण मग खड्डा इतका रुंद पडतो की मिड्सपासून सगळंच मंद होतं. लोक नेमके इथे फसतात आणि "हार्डवेअर फिल्टरने डिटेल जातं" म्हणत फिरतात. कपॅसिटर फिल्मचा घ्या, कॉइलचा डीसी रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आत बघा, आणि हे सगळं जॅकमध्ये कोंबायला जाऊ नका, मावत नाही. छोटी डबी करा, एका टोकाला मेल जॅक, दुसऱ्याला फिमेल, नको असेल तेव्हा काढून ठेवा. प्लॅनर मुद्दाम म्हटलं कारण त्याचा इम्पिडन्स जवळपास सरळ रेषा असतो, म्हणून कागदावरचा हिशोब कानात उतरतो. डायनॅमिक (नेहमीच्या, कॉइलने हलणाऱ्या पडद्याच्या) ड्रायव्हरला तो बासच्या रेझोनन्सपाशी आणि अगदी वर बदलतो, तिथे हिशोब नव्याने मांडावा लागतो.

आणि आयईएमच्या ग्राफमध्ये ८ किलोहर्ट्झला टोक दिसलं म्हणून लगेच हा फिल्टर बनवू नका. ७११ प्रकारच्या कपलरवर (कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या मोजणीच्या उपकरणावर) मोजलं की आयईएम किती खोल बसवलंय त्यावरून तिथे एक टोक उगवतंच, ते मोजणीच्या नळीचं असतं. तुमच्या कानात ते ७ वर असेल, ९ वर असेल, किंवा नसेलही.

ब्लाइंड टेस्टबद्दल तुम्ही खोचक विचारलंय, पण प्रश्न रास्त आहे. माणसाचा कान जोरातल्या आवाजाला चांगला म्हणतो, त्यामुळे लेव्हल ०.१ डेसिबलच्या आसपास जुळवल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना मी धरत नाही, माझी स्वतःचीही नाही. केबल बदलायला अर्धा मिनिट जातो, तेवढ्यात आधीचा आवाज डोक्यातून पुसला जातो, म्हणून केबलच्या बाबतीत मी कानापेक्षा मीटरवर जास्त विसंबतो. फिल्टरची डबी मात्र स्विच लावून झटक्यात आत-बाहेर करता येते, आणि स्विच दुसऱ्याच्या हातात दिला की झाली ब्लाइंड टेस्ट.

राहिला तुमचा टोचणारा ट्रेबल. आधी हेडफोनच्या कानाच्या गाद्या, म्हणजे पॅड, बघा. दबलेले पॅड बदलले की ड्रायव्हर कानापासून लांब जातो, कडेची गळती बंद होते आणि बास परत आला की ट्रेबल तेवढा खुपत नाही. मग ड्रायव्हरसमोर पातळ फोमची चकती ठेवून ऐका. एवढ्यावर भागलं नाही तर तुमच्याच लाडक्या ॲपमध्ये अरुंद बँड घेऊन, आवाज कमी ठेवून, ५ ते १० किलोहर्ट्झमध्ये टोचणारी जागा शोधा, तिथे ४-५ डेसिबल कापा आणि काही दिवस तसंच ऐका. तेवढ्यात मन बदललं तर सोल्डर वाचलं. नाही बदललं तर तेच आकडे डबीत उतरवायचे.

पण डबी करण्याआधी सोर्सचा आउटपुट इम्पिडन्स मोजा. ४०० हर्ट्झचा टोन लावा (साधे मल्टीमीटर त्याच्या वर नीट मोजत नाहीत), जॅकवर काही न जोडता एसी व्होल्टेज बघा, मग ३३ ओहमचा रेझिस्टर आडवा लावून परत बघा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, एक वजा करा, ३३ ने गुणा. ०.३०० व्होल्टचे ०.२५० झाले तर सोर्स ६.६ ओहमचा. तुमचा आकडा काय येतो तो हेडफोनच्या मॉडेलसकट इथे टाका, पुढचे कॉइल-कपॅसिटर आपण मिळून काढू.