तिग्रान हमास्यान आणि आर्मेनियाची गाणी

लोकगीताखाली इलेक्ट्रॉनिक ठेका सरकवला की फ्यूजन झालं, या समजुतीचा मला मनापासून राग येतो. आर्मेनियाच्या संगीताचं यात फार नुकसान झालं. जर्दाळूच्या लाकडाचं दुदुक, हे तिथलं फुंकून वाजवायचं वाद्य, हॉलिवूडने उचललं आणि युद्ध, वाळवंट, मरण दिसलं की वाजवलं. खरं तर दुदुकला दोन वादक लागतात: एक चाल वाजवतो, दुसरा आपल्या तानपुऱ्यासारखा एकच स्वर धरून ठेवतो, श्वास न तोडता. हा दुसरा माणूस बाजूला काढून तिथे सिंथेसायझरचा ढग सोडला, की उरतं ते फक्त वातावरण.

आर्मेनियन जॅझ पियानोवादक तिग्रान हमास्यान असं करत नाही. जन्म १९८७ चा, आर्मेनियातल्या ग्युम्री शहरातला. तो दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा भूकंपात ते शहर कोसळलं. पुढे कुटुंब अमेरिकेत गेलं आणि २००६ मध्ये त्याने थेलोनियस मंक जॅझ पियानो स्पर्धा जिंकली. २०१५ चा त्याचा 'मॉकरूट' हा अल्बम ऐका. पियानो, बास, ड्रम्स, सिंथ, हेवी मेटल रॉकसारखा दणका, आणि मध्येच त्याचा स्वतःचा शब्दांवाचूनचा आवाज. तिथे चालीला चार मात्रांत कोंबलेलं नाही. ती जशी अडखळते, लांबते, वळते, तशी यंत्रं तिच्यामागून जातात. त्यातल्या दोन रचनांना कार्स या शहराचं नाव आहे. एकेकाळची आर्मेनियन राजधानी, आज तुर्कस्तानात. हे माहीत असलं की तो दणका वेगळाच लागतो.

याला भेसळ म्हणणाऱ्यांना मी कोमितास यांची आठवण करून देईन. या आर्मेनियन धर्मगुरूंनी गावोगाव फिरून हजारो गाणी टिपली, बर्लिनला जाऊन संगीत शिकले आणि तीच गावची गाणी बहुस्वरी गायनवृंदासाठी बांधली. तेव्हा ते नवंच होतं! ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा वंशसंहार सुरू झाला तेव्हा, २४ एप्रिल १९१५ रोजी, कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) त्यांना अटक करून हद्दपार केलं गेलं. ते परत आले, पण मन सावरलं नाही. १९३५ मध्ये पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात वारले. त्यांनी टिपलेलं बरंच काही हरवलं. जे वाचलं, ते आज तिग्रानसारख्यांच्या हाती आहे, आणि त्याने ते नुसतं काचेच्या कपाटात ठेवावं असं मला अजिबात वाटत नाही.

ऐकायला सुरुवात तिग्रानच्या 'लुइस इ लुसो' या अल्बमपासून करा. तोही २०१५ चाच: येरेवानचा गायनवृंद, पाचव्या शतकापासूनची स्तोत्रं, सोबत फक्त त्याचा पियानो. त्यानंतर 'मॉकरूट', चांगल्या हेडफोनवर.