लिनक्सवर जाण्याआधी आपले खेळ तपासावेत

विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जुन्या संगणकावर बिनधास्त लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी संगणकप्रणाली घ्यावी, प्रोटॉनमुळे (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या साधनामुळे) आता सगळेच खेळ चालतात, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील विधान अर्धेच खरे आहे. एकट्याने खेळायच्या खेळांना ते बहुतांशी लागू पडते आणि २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या खेळ-कंपनीने प्रोटॉन आणल्यापासूनची प्रगती खरोखर थक्क करणारी आहे. मात्र ‘व्हॅलोरंट’ची फसवणूकविरोधी यंत्रणा थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसते, त्यामुळे तो खेळ लिनक्सवर चालतच नाही, ‘एपेक्स लेजेंड्स’ तर व्यवस्थित चालत होता, पण २०२४ मध्ये निर्मात्यांनीच लिनक्सवरील खेळाडूंना प्रवेश बंद केला. मित्रांसोबत रोज असेच खेळ खेळणाऱ्या मुलाला कितीही भक्कम प्रणाली दिली, तरी तिचा त्याला काय उपयोग?

आणखी एक गोष्ट त्या लेखात यायला हवी होती. विंडोजच्या काळातील एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) ड्राइव्हवरचे खेळ तसेच वापरले, की पुष्कळदा ‘प्ले’ दाबल्यावर बटण क्षणभर बदलते आणि कोणताही संदेश न दाखवता पूर्ववत होते. प्रोटॉन आपल्या फोल्डरमध्ये ‘सी:’ अशा नावाचा दुवा तयार करतो आणि विंडोजच्या नियमांत फाइलच्या नावात अपूर्णविराम (:) चालत नाही, हे त्यामागचे एक कारण आहे. माझ्या संगणकावर खेळ एक्स्ट४ (लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत) ड्राइव्हवर हलवल्यानंतर ही अडचण पूर्णपणे गेली. नवख्या वाचकाने एवढ्यावरून लिनक्सलाच अस्थिर ठरवू नये, असे मला मनापासून वाटते.