सायकॉलॉजी घेऊ का, असं विचारणाऱ्यांना

ॲडमिशनचे दिवस आले की इनबॉक्समध्ये ठरलेला मेसेज, "मला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं, सगळे मित्रमैत्रिणी मलाच येऊन सांगतात, तर सायकॉलॉजी घेऊ की सोशल वर्क?" घ्या की. पण मैत्रिणीचं ऐकून कंटाळा आला तर फोन ठेवता येतो, इथे समोरचा माणूस तिसऱ्यांदा दारू सोडून तिसऱ्यांदा परत सुरू करून आलेला असतो आणि तुम्हाला चिडायचं नसतं, आणि हो, लगेच सल्लाही द्यायचा नसतो, हे दुसरं जास्त अवघड. शिकत असताना मी एक सेशन आठवून शब्दन् शब्द लिहून सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी माणसाकडून आपलं काम तपासून घ्यायला, नेलं होतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त माझी वाक्यं अधोरेखित करत गेल्या. पानभर रेघाच रेघा, क्लायंट बिचारा अधूनमधून दिसत होता.

तर डिग्रीच्या आधी काही महिने कुठेतरी व्हॉलंटियर म्हणून जा. हेल्पलाइन, वृद्धाश्रम, काहीही, आणि तिथे फॉर्म भरायचं, नोंदी लिहायचं काम मिळालं तर नाक मुरडू नका, या कामाचा मोठा भाग लिहिण्याचाच आहे.

आणि "माझा स्वभावच मदत करणारा आहे" यावर फार विसंबू नका. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला, प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलांवर केलेला. त्यांना भाषण द्यायला शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला. काहींचं भाषण तर नेमकं वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या बायबलमधल्या माणसावर होतं! तरी विषयाने फारसा फरक पडला नाही, घाईने पडला. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगून पिटाळलेल्यांपैकी फक्त १० टक्के.

मुलं काही वाईट नव्हती हो, त्यांना पळवलं होतं. म्हणून इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पगाराइतकंच स्पष्ट विचारा, एकाकडे केसेस किती असतात आणि सुपरव्हिजन किती दिवसांनी मिळतं. मी पहिल्या नोकरीत विचारलं नाही, लाज वाटली. नंतर एका आईचं बोलणं चालू असताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं, तिने ते पाहिलं आणि "राहू दे, पुढच्या वेळी सांगते" म्हणून उठली, ती परत आली नाही.

सायकॉलॉजीच्या अभ्यासात येणाऱ्या स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते म्हणणाऱ्यांना उद्या सावकाश लिहिते, ते काही चुकणार नाहीये.