जेनेपीचं बी, खडी आणि लाड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया निम्मी बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या लेखाप्रमाणे जेनेपीचं (आल्प्समधली सुवासिक वनस्पती, तिच्यापासून मद्य करतात) बी पेरलं, एकही उगवलं नाही, विकत आणलेली रोपं सडली, तेव्हा हा खटाटोप सोडून डोंगरावरून ठोंबच उपटून आणावा, खरा वास त्यालाच.

बियाण्याबाबत चूक माझी. 'वरवर पेरा' एवढंच लिहून मोकळा झालो. हे बी धुळीसारखं बारीक, त्याला उजेड लागतो. वर मातीचा पातळ थर आला तरी कारभार आटोपला. मी वाळूमिश्रित ओल्या मातीवर ते भुरभुरतो, फळीच्या तुकड्याने नुसतं दाबतो आणि ट्रे पाण्यात टेकवून ओल खालून चढू देतो. एकदा आळस करून झारी वापरली, तर सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसलं! पेरणी शरदात, ट्रे बाहेरच, बर्फाखाली.

रोपं मात्र तुमच्या मायेने मेली. शेणखत आणि रोज पाणी, असं तुम्हीच लिहिलंय. दवण्याची ही चुलत बहीण आल्प्समध्ये साधारण २,००० मीटरच्या वर, हिमनदीने टाकून दिलेल्या दगडगोट्यांत वाढते. तिथे माती शोधावी लागते. बुंधा काळा आणि मऊ पडला म्हणता, ती मूळकूज. निम्मी खडी घाला, बुंध्याभोवती गोटे पसरा, खत विसरा. पानांवरची रुपेरी लव कमी होऊन हिरवा रंग वर आला, तर लाड जास्त होतायत असं समजा.

एक रोप जगलं तरी पुरे. बर्फ वितळल्यावर ठोंब हाताने फोडायचा, प्रत्येक तुकड्याला मुळं हवीत. तीन-चार वर्षांनी ठोंब थकतोच, तेव्हा हे करावंच लागतं.

उपटून आणण्याला माझा साफ विरोध. आल्प्समध्ये अनेक ठिकाणी काड्या किती तोडायच्या यावरही मर्यादा आहे, मुळाची तर बातच सोडा. शिवाय वासातला फरक बराचसा वाणामुळे पडतो. पांढऱ्या जेनेपीच्या (जेनेपीची एक जात) काही वाणांत थुजोन (सुगंधी तेलातलं, जास्त झाल्यास विषारी द्रव्य) भरपूर, तर स्वित्झर्लंडमध्ये निवडलेल्या 'आरएसी १०'मध्ये जवळजवळ नाहीच. युरोपीय संघात आर्टेमिसियाच्या, म्हणजे दवणा-जेनेपीच्या गटातल्या वनस्पतींच्या, मद्यात थुजोन किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, त्यामुळे लागवड करणाऱ्यांना असा वाण सोयीचा. तुमच्या पाकिटावर वाणाचं नाव काय होतं, तेवढं कळवा.